बेडूकडोळीचे ब्रेक आणि आमचा अबोला

मैत्रिणींनो, ह्या पानांवर लोणच्याला बुरशी येऊ नये म्हणून काय करावं, रेशमी साडीवरचा डाग कसा काढावा, असं काहीबाही वाचायची तुम्हाला सवय. आणि मी लिहायला बसले आहे मोटारीच्या ब्रेकवर! तुम्ही म्हणाल, "ह्या बाईंचं काहीतरी बिनसलंय." पण जरा धीर धरा. शेवटी ही गोष्ट संसाराचीच आहे, आणि तुमच्या घरी एखादी स्कूटर किंवा छोटी गाडी असेल तर ती तुमच्याही उपयोगी पडेल.

आमचं बिऱ्हाड इंग्लंडात, कॉव्हेंट्रीला. हे १९७३ साली इथे एका कारखान्यात नोकरीला आले. १९७६ मध्ये लग्न होऊन मी आले. दोन मुलं झाली, घराचे हप्ते सुरू झाले. अशात १९८४ च्या एका रविवारी ह्यांनी एक मोटार घरी आणली. आणली म्हणजे काय, टेम्पोत घालून आणली! इंजिन एका खोक्यात, चाकं दुसऱ्या खोक्यात, आणि गंजलेला सांगाडा वर उताणा. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. हातातली पोळी तव्यावर करपली, एवढंच आठवतं.

ती होती ऑस्टिन-हिली स्प्राइट. दोन माणसांची, उघड्या टपाची चिमुकली स्पोर्ट्स कार. डोनाल्ड हिली ह्या गृहस्थांनी सामान्य पगारदाराला परवडावी म्हणून ती योजली, आणि मे १९५८ मध्ये ती बाजारात आली. बांधणी ॲबिंग्डनच्या कारखान्यात. वजन जेमतेम साडेसहाशे किलोच्या आसपास, इंजिन ९४८ सी.सी.चं. बाहेरून दाराला मूठ नाही, मागे डिकीला झाकण नाही. जेवणाचा डबा ठेवायचा तर सीट पुढे वाकवून आत डोकं खुपसायचं! पुढचे दिवे बॉनेटवर बेडकाच्या डोळ्यांसारखे वर आलेले. म्हणे ते मिटणारे करायचं घाटत होतं, पण खर्च वाचवायला तसेच उघडे ठेवले. इंग्रज लोक तिला 'फ्रॉगआय' म्हणतात. मी तिचं नाव ठेवलं बेडूकडोळी.

दोन वर्षं खपून ह्यांनी ती उभी केली. रात्री जेवणं झाली की गॅरेजात. माझ्या जुन्या सुती साड्या पुसायला गेल्या, माझा एक पाटाही गेला. पण १९८६ च्या उन्हाळ्यात ती चालायला लागली आणि ह्यांनी मला शेजारी बसवून पहिली चक्कर मारली, तेव्हा खरं सांगते, मला सवत वाटत होती ती मुलगी वाटायला लागली.

आता मुद्द्यावर येते. जून २०१८ ची गोष्ट. ह्यांना तेव्हा सत्तरावं लागलेलं. आम्ही कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांत फिरायला गेलो होतो आणि परतताना बर्डलिपचा उतार लागला. तो चांगलाच खडा आहे. हे तिसऱ्या गिअरात, पाय ब्रेकवर ठेवून उतरत होते. अर्ध्यावर मला वास आला. करपल्याचा, पण अन्न करपल्याचा नव्हे. तो वास मी ओळखला, कारण लहानपणी तो माझ्या वडिलांच्या कपड्यांना यायचा. मी म्हटलं, "अहो, ब्रेक तापलेत. गिअर उतरवा." हे म्हणाले, "काही नाही गं." आणि पुढच्या वळणावर ह्यांचा पाय जाऊन खाली टेकला, तरी गाडी म्हणावी तशी थांबेना!

उताराच्या तळाशी एक बाई बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडत होती. ह्यांनी दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला. गाडी ओरडत, हेलकावत थांबली. बाबागाडीपासून किती लांब? आपलं स्वयंपाकघर असतं तेवढ्यावर. त्या बाईने आमच्याकडे बघितलं, काही बोलली नाही, आणि चालू लागली. बोलली असती तर बरं झालं असतं.

घरी येईपर्यंत आम्ही दोघं गप्प. चहा टाकताना मी म्हटलं, "पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवून घेऊ या." तर हे म्हणाले, "मुळात जसं आहे तसंच राहील. साठ वर्षं ह्याच ब्रेकांवर धावलीय ती." मी म्हटलं, "मग मी तिच्यात बसणार नाही." झालं! आमच्याकडे अबोला सुरू झाला. बेचाळीस वर्षांच्या संसारात आमचा सगळ्यात लांबलेला अबोला, आणि कारण काय, तर ब्रेक.

माझा हट्ट उगाच नव्हता, हे सांगायला तुम्हाला जरा माझ्या माहेरी न्यायला हवं. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, कोल्हापूरला एका व्यापाऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. कोल्हापूरचा गूळ घेऊन आंबा घाटातून रत्नागिरीला जायचे. १९६३ साली, मी दहा वर्षांची असताना, एका पहाटे त्यांनी ब्रेकचं पॅडल दाबून बघितलं आणि ते म्हणाले, "मऊ लागतंय. मी घाट उतरणार नाही." मालक म्हणाला, "माल आज पोचला पाहिजे. तू नाही तर दुसरा." आबा किल्ली ठेवून घरी आले. महिनाभर काम नव्हतं. आईची एक पाटली मोडली. शेजारीपाजारी म्हणायचे, "एवढा कसला ताठा?" आबांनी कुणाला उत्तर दिलं नाही. मला मात्र एकदा म्हणाले, "बाळ, गाडी थांबणार की नाही ह्याची शंका असेल तर ती सुरूच करायची नाही." पुढे आयुष्यभर दुसऱ्यांचे ट्रक चालवले, पण त्यांच्या हातून एक कोंबडीसुद्धा मेली नाही. आता त्यांची मुलगी तापलेल्या ब्रेकचा वास येऊन गप्प बसणार का, तुम्हीच सांगा!

अबोल्यात बायका काय करतात? मी ह्यांच्या कपाटातली मोटारीची पुस्तकं काढून वाचली. चष्मा लावून, दुपारच्या वेळी, हळूहळू. आणि मला जे कळलं ते तुम्हाला माझ्या भाषेत सांगते.

आमच्या गाडीला चारी चाकांना ड्रम ब्रेक. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबाच समजा. त्याच्या आत दोन अर्धचंद्र असतात, त्यांना 'शू' म्हणतात आणि त्यांवर लायनर चिकटवलेले असतात. पॅडल दाबलं की शू बाहेर फाकतात आणि डब्याला आतून घासतात. घासलं की ऊष्णता होते, पण डबा बंद, ती जाणार कुठे? तापून ड्रम फुगतो, शूपासून लांब सरकतो, म्हणून पॅडल खोल जायला लागतं. लायनरही तापला की गुळगुळीत पडतो, धरत नाही. आमचं बर्डलिपला नेमकं हेच झालं.

डिस्क ब्रेकमध्ये डबाच नसतो. चाकाबरोबर एक उघडी लोखंडी तबकडी फिरते आणि दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात, आपण गरम पातेलं सांडशीत पकडतो तसं. तबकडीला वारा लागतो, ती लवकर निवते. ब्रेक दाबला की गाडीचा सगळा भार पुढे झुकतो आणि पुढच्याच चाकांना जास्त काम पडतं. म्हणून डिस्क फक्त पुढे बसवल्या आणि मागे ड्रमच राहू दिले तरी एवढ्या हलक्या गाडीला पुरतं.

आणि मग मला ती ओळ सापडली! ऑक्टोबर १९६२ पासून ह्याच गाडीच्या पुढच्या अवताराला खुद्द कंपनीनेच पुढे डिस्क ब्रेक दिले. म्हणजे ही आली १९५८ ला, आणि चार-साडेचार वर्षांत बनवणाऱ्यांनीच ब्रेक बदलले. आणखी एक गंमत. १९५८ च्या मे महिन्यात इंग्लंडात मोटरवे नावाचा रस्ताच नव्हता. पहिला तुकडा त्याच वर्षी डिसेंबरात प्रेस्टनजवळ खुला झाला. ही गाडी जन्मली तेव्हाचे रस्ते वेगळे, गर्दी वेगळी, आणि पुढची गाडीही आजच्यासारखी जागच्या जागी थांबणारी नव्हती.

मी पुस्तक उघडं करून ह्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. ह्यांनी वाचलं. भाकरीचा तुकडा हातात तसाच. बऱ्याच वेळाने म्हणाले, "ब्रेक कमी नाही पडले गं. माझा पाय कमी पडला. गुडघ्यात जोर राहिला नाही."

बघा, म्हणजे दुखणं हे होतं! इथे सत्तरी झाली की दर तीन वर्षांनी लायसन नव्याने काढावं लागतं. ह्यांनी नुकतंच काढलं होतं. ब्रेक बदलायचे कबूल केलं तर पुढे पाय कबूल करावा लागेल, मग लायसन, मग गाडी विकणं, असं हे मनातल्या मनात शेवटपर्यंत जाऊन आले होते. आणि मी आपली समजत होते की ह्यांना जुनेपणाचा सोस आहे. मला माझीच लाज वाटली. पण ती बाबागाडीही डोळ्यांपुढून हलेना. मी म्हटलं, "गुडघा डॉक्टरांना दाखवू. ब्रेक आपण बघू. दोन्ही एकदम." आणि तसं ठरलं.

मात्र ह्यांची एक अट होती. गाडीला एकही भोक पाडायचं नाही, काही कापायचं नाही, निघेल ते सगळं जपून ठेवायचं. मला ती पटली. नंतरच्या, डिस्कवाल्या गाड्यांचे पुढच्या चाकांचे भाग ह्या गाडीला नट आवळून बसतात, कारण घराणं एकच. आम्ही हिवाळ्यात काम काढलं. जुने ड्रम, शू, हब, सगळं पुसून, तेलाचा हात फिरवून मी वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि चिठ्ठ्या चिकटवल्या, मराठीतून: 'पुढचं डावं', 'पुढचं उजवं'. ती खोकी माळ्यावर मुलांच्या पाळण्याशेजारी आहेत. पुढे कुणाला मूळ रूप हवं असेल तर एका दिवसात परत बसतील.

ब्रेकच्या रबरी नळ्याही सगळ्या बदलल्या. जुनी नळी बाहेरून छान दिसते, पण आतून फुगून वाट अडवते. आमच्या गाडीत चारी चाकांना मिळून एकच मार्ग आहे. नंतरच्या गाड्यांत दोन स्वतंत्र मार्ग आले, म्हणजे एक फुटला तरी दुसरा धरतो. आमच्याकडे एक नळी फुटली की चारी चाकं गेली, उरला हँडब्रेक. म्हणून तिथे काटकसर केली नाही.

काटकसर केली ती भलत्याच ठिकाणी! पॅडलला जोडलेला असतो मास्टर सिलिंडर. आपण पाय दाबला की तो ब्रेक ऑइल नळ्यांतून चाकांकडे ढकलतो. हे म्हणाले, "हा मीच १९८५ ला दुरुस्त केलाय, उत्तम आहे, हाच राहू दे." मग हवा काढायचं काम. ते दोघांचं असतं. मी आत बसून पॅडल दाबायचं, ह्यांनी चाकाशी बसून बारीक नळीतून हवा सोडायची. "दाब." "दाबलं." "सोड." "सोडलं." सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. दोन तास आमचं एवढंच संभाषण, पण अबोल्यानंतर तेही गोड वाटलं!

दुसऱ्या दिवशी चक्कर मारून आलो. थांबायला झकास. पण मला वाटलं, गाडी जडावलीय, कुणी मागून धरल्यासारखी. घरी आल्यावर हे म्हणाले, "नवीन आहे, बसेल हळूहळू." मी काय केलं, पाण्याचा पेला आणला आणि पोळीच्या तव्यावर शिंपडतो तसे चार थेंब पुढच्या तबकडीवर शिंपडले. चर्र! आणि आम्ही तर शेवटचा मैलभर सपाटीवर, ब्रेक न लावता आलो होतो. म्हणजे पाय काढल्यावरही पॅड तबकडी सोडत नव्हते.

ह्यांनी कपाळाला हात लावला. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये एक छोटी झडप असते. ती नळ्यांत थोडा दाब कायम धरून ठेवते. ड्रमच्या शूंना मागे ओढणाऱ्या स्प्रिंगा असतात, म्हणून त्यांना तो दाब चालतो, उलट उपयोगी पडतो. डिस्कच्या पॅडना तशा स्प्रिंगा नाहीत. थोडासा दाबही त्यांना चिकटवून ठेवतो. तशीच आणखी चालवली असती तर ऑइल उकळलं असतं आणि पुन्हा बर्डलिप झालं असतं, ह्या खेपेला नव्या ब्रेकांवर!

शेवटी डिस्कला जुळणारा मास्टर सिलिंडर आणला. तिथे मी एक प्रश्न विचारला, आणि ह्यांनी माझ्याकडे आदराने बघितलं. चकलीचा सोऱ्या जेवढा रुंद तेवढा दाबायला जड, अरुंद असेल तर हलका पण जास्त वेळ दाबावा लागतो, खरं ना? ब्रेकचंही तसंच आहे. पुढच्या ड्रमचे शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आवळले जातात, पायाला मदत करतात. डिस्क तशी मदत करत नाही, म्हणून पायाला जोर जास्त लागतो. ह्यांचा गुडघा तर असा. तेव्हा सिलिंडर कोणत्या मापाचा घ्यायचा हे आधीच विचारून घेतलं. अरुंद असेल तर पाय थोडा खोल जातो, पण जोर कमी लागतो. पुन्हा "दाब", "सोड". पुन्हा चार थेंब. ह्या वेळी ते थेंब नुसते ओघळले.

विमा कंपनीला बदल लेखी कळवला. न कळवता केलेला बदल अपघातानंतर गळ्याशी येतो. मे २०१८ पासून इथे चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना, त्यांत फार मोठा फेरफार केला नसेल तर, वार्षिक तपासणी माफ आहे. सुरक्षिततेसाठी केलेले ब्रेक त्यात अडचण ठरत नाहीत. पण मी म्हटलं, सरकारने माफ केली तरी मी केलेली नाही. आम्ही दर वर्षी गाडी तपासून घेतो.

पुढच्या मे महिन्यात आम्ही पुन्हा बर्डलिपला गेलो. उताराच्या माथ्यावर ह्यांनी गाडी बाजूला घेतली, उतरले, आणि माझ्या बाजूचं दार उघडून म्हणाले, "तू ने." मी दुसरा गिअर टाकला. आबा म्हणायचे, ज्या गिअरात घाट चढशील त्याच गिअरात उतर. इंजिनच गाडी धरत होतं. वळणांपुरताच पाय लावला, आणि प्रत्येक वेळी पॅडल त्याच उंचीवर भेटलं. वास आला नाही. तळाशी रस्ता मोकळाच होता, तरी मी गाडी पूर्ण थांबवली, त्याच जागी. हे काही बोलले नाहीत. माझ्या हातावर हात ठेवून बसले.

तेव्हापासून आमचा करार आहे. सपाटीवर हे, उतारावर मी.

आता तुमच्यासाठी चार गोष्टी. भारतातल्या बऱ्याचशा छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रमच असतात, म्हणून सांगते. पॅडल स्पंजासारखं मऊ लागलं तर नळ्यांत हवा आहे, त्याच दिवशी दाखवा. ब्रेक ऑइल पावसाळ्यातल्या मिठासारखं असतं, हवेतली ओल ओढून घेतं आणि मग तापलं की लवकर उकळतं. साधारण दोन वर्षांनी ते बदलून घ्या. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग जातो. घाटात पेट्रोल वाचवायला न्यूट्रल कधीही करू नका. साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की हळू चालवत ब्रेक दोनचारदा हलकेच दाबून वाळवा. आणि करपल्याचा वास आला तर गाडी बाजूला घेऊन निवू द्या, वर गार पाण्याची बादली ओतू नका. तापल्या तव्याचं काय होतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

आणि घरातला माणूस एखाद्या जुन्या वस्तूवरून हटून बसला, तर वस्तूवरून भांडण्याआधी त्याला एकदा विचारा, "तुमचं दुखतंय कुठे?" मी महिनाभर उशिरा विचारलं.